साठची रेघ

२०५८ साली दुखणं सांगावं लागत नसे. ते दिसत असे.

त्याआधीची पद्धत जुन्या माणसांना आठवत असेल. डॉक्टर विचारत, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? आणि ज्याचा त्याचा स्वभाव उत्तर देई. भिडस्त बाई बाळंतपणाच्या कळांतही चार म्हणायची, आणि एखादा धट्टाकट्टा गडी बोटाला खरचटलं तरी नऊ. औषध या आकड्यावर ठरे. दुखण्यावरची सर्वांत जोरकस औषधं अफूच्या कुळातली. मोठ्या ऑपरेशननंतर ती देवासारखी धावून येत, यात शंका नाही. पण ती घेत राहिलं की शरीर सरावतं, तेवढ्याच आरामाला जास्त गोळी लागते, आणि मग दुखणं थांबलं तरी गोळी थांबत नाही.

म्हणून दवाखान्यांच्या भिंतींवर तेव्हा एक यादी लावलेली असे. पुढच्या गोळीची वेळ झाली का म्हणून सारखं घड्याळाकडे पाहता का? दुखत नसताना, नुसतं मन खट्टू झालं म्हणून गोळी घेतलीत का? घरच्यांपासून काही लपवता का? कुणी विचारलं की राग येतो का? साधे प्रश्न होते. नंबर येईपर्यंत बाकावर बसल्या बसल्या कुणीही वाचावेत असे.

डॉ. निहार लेले यांनी ती यादी निकामी केली. त्यांनी कळपट्टी तयार केली.

कळपट्टी म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची दोन बोटं रुंदीची मऊ पट्टी. कळ मेंदूकडे जाते तेव्हा बाकीचं शरीर गप्प बसत नाही. नाडीची चाल बदलते, घाम बदलतो, कातडीखालच्या बारीक नसांमधून वाहणारी विजेची लहर बदलते. ही सगळी कुजबुज पट्टी ऐकत असे आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवत असे. त्याला लोक कळांक म्हणत. घरातल्या फळीवर पट्टीशी जोडलेली गोळीपेटी असे. कळांक साठच्या वर जाऊन दहा मिनिटं टिकला की पेटीचं झाकण टक् करून उघडे आणि एक गोळी मिळे. दिवसाला जास्तीत जास्त चार. साठच्या खाली तुम्ही रडा, ओरडा, देव पाण्यात ठेवा, पेटी उघडत नसे.

"पट्टीशी खोटं बोलता येत नाही," असं डॉ. लेले गावोगाव सांगत. ते खरंच होतं. यादी मग भिंतीवरून उतरली.

वेळवंडी नदीकाठच्या पांगारवाडीत ही पट्टी पहिल्यांदा वृषालीबाई धुमाळांच्या हाताला लागली. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. घाटातल्या गाडीत उभ्याने तिकिटं देऊन देऊन कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजल्या होत्या. सत्तावन्नच्या डिसेंबरात ऑपरेशन झालं, मणक्यात दोन स्क्रू बसले, आणि जानेवारीत त्या पट्टी आणि पेटी घेऊन घरी आल्या. घरात त्या आणि सून ईश्वरी. मुलगा अहमदाबादला नोकरीला, महिन्यातून एकदा येई. बाईंचा कडकपणा सगळ्या खोऱ्याला माहीत होता. आमदाराच्या मेव्हण्याला विनातिकीट म्हणून घाटात उतरवलं होतं, ही गोष्ट लोक अजून सांगत.

सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पहिल्या आठवड्यांत कळांक ऐंशीच्या घरात, पेटी दिवसातून चारदा उघडे. मार्चपर्यंत आकडा पन्नाशीवर उतरला, पेटी दिवसाआड एखाद्या वेळी उघडू लागली. तालुक्याच्या वेदना केंद्रातून निरोप आला, फार छान प्रगती.

मग एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला ईश्वरी माती-परीक्षणाच्या कामावरून दमून आली. बाईंनी चहा ठेवायला म्हणून पातेलं घेतलं, ते हातातून सुटलं, दूध सांडलं. ईश्वरी पुसता पुसता म्हणाली, "आई, तुम्ही फक्त बसून राहा. तीच मोठी मदत." ती वाईट बोलली नव्हती. पण एकतीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला ते लागलं.

ईश्वरी अंघोळीला गेली. बाईंनी मनगट पाहिलं. त्रेपन्न. आणि पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपण हा आकडा कितीतरी वेळा पाहिला आहे. कंबर दुखतेय म्हणून नव्हे. गोळी घेतल्यावर अर्धा तास सगळं जग कापसावर ठेवल्यासारखं होई, कुणाचा शब्द टोचत नसे. तो अर्धा तास हवा होता.

शेगडीखाली उलथनं पडलं होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, काही उचलायचं तर गुडघे वाकवून बसा, कमरेत वाकू नका. वृषालीबाई कमरेत वाकल्या. उलथन्याला हात लागला, तरी सरळ झाल्या नाहीत. घाम फुटला. एकसष्ट. दहा मिनिटं झाली, आणि फळीवर टक् असा आवाज आला.

काहीही खोटं घडलं नव्हतं. दुखलं होतं, पट्टीने मोजलं होतं, पेटीने दिलं होतं. तरी ईश्वरी बाहेर येण्याआधी त्यांनी उलथनं धुऊन जागेवर लावलं आणि पदराने कपाळ टिपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परसातून शेजाऱ्याकरवी पाटा-वरवंटा आत आणवला. सासूच्या हातचा, वीस वर्षं तुळशीमागे उपडा पडलेला. पाय दुमडून, पुढे झुकून त्यांनी शेंगदाणे, लसूण, तिखट वाटायला घेतलं. पाट्यावरचं काम सगळं कमरेवर असतं, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. पहिला घाणा उतरेपर्यंत आकडा साठ ओलांडून गेला होता.

संध्याकाळी ईश्वरीने चटणी चाखली आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, काल मी बोलले ते मनात धरलंत का? बाई म्हणाल्या, छे गं, बसून कंटाळा येतो. सून त्यांच्या पाया पडली. सुनेच्या डोक्यावर ठेवलेला स्वतःचा हात पुढे कितीतरी वर्षं त्यांना आठवत राहिला.

चटणी खरोखरच उत्तम होत असे. त्या काळात पाट्यावरचं वाटण म्हणजे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरलेली चीज. यंत्राच्या पात्याखाली मसाला तापतो, त्याचं तेल उडून जातं. दगडाखाली तो दमाने फुटतो. आपल्या आईच्या हातची चव पुन्हा जिभेवर आली की माणूस फार प्रश्न विचारत नाही. आळीतल्या बायका वाटी घेऊन येऊ लागल्या. शाळेने मुलांची रांग आणली. पोरं पाट्याभोवती बसून विचारत, आजी, हे चार्ज कुठे करायचं? सगळे हसत. बाईही हसत, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मनगट पाहत.

वैशाखात ईश्वरीने सुताराकडून एक भक्कम घडवंची करवून आणली. पाटा तिच्यावर ठेवू, म्हणजे तुम्हाला उभ्याने वाटता येईल, कंबर वाचेल, असं तिचं म्हणणं. बाई एवढ्या भडकल्या की शेजारीण दारात आली. "पाटा भुईवर असतो. तुमच्या सोयीसाठी आता तोही टेबलावर चढवा." ईश्वरी गोरीमोरी झाली. शेजारीण तिला बाहेर नेऊन समजुतीने म्हणाली, जुनी माणसं आहेत, त्यांच्या रीतीला हात लावू नये. ईश्वरीलाही ते पटलं. घडवंचीवर मग धान्याचे डबे ठेवले गेले.

भिंतीवर ती जुनी यादी असती तर त्यातला शेवटचा, रागाचा प्रश्न कुणाला तरी आठवला असता. पण कमरेत स्क्रू असलेली बाई भुईवर बसून घाम गाळते आहे, हे पाहून आपल्याकडे कुणाच्या मनात संशय येत नाही. आपल्याकडे त्याला वळण म्हणतात.

ऑगस्टमध्ये डॉ. लेले गावात आले. तीन तालुक्यांतल्या पट्टीवाल्यांची माहिती त्यांच्यासमोर होती आणि ते हरखून गेले होते. पट्टी लावलेली माणसं पूर्वीपेक्षा दीडपट हालचाल करत होती, ओझी उचलत होती, जिने चढत होती. वेदनेची भीती गेली की माणूस कामाला लागतो, असा त्यांनी अर्थ काढला होता. समाजमंदिरात सभा झाली. सगळ्या राज्यात कळपट्टी देण्याचा ठराव सरकारपुढे होता आणि त्यासोबत नमुना म्हणून दोन रुग्णांची नावं पाठवायची होती. एक वृषालीबाई. दुसरा भातगिरणीवरचा विराज कोंडे, चाळिशीचा गडी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. गिरणीत पोती उचलायचं यंत्र असताना तो पाठीवरून पोती वाहू लागला होता, आणि मालक त्याचं नाव घेऊन बाकीच्यांना टोमणे मारत असे.

दोघांना शेजारी बसवून शाली पांघरल्या. डॉक्टर माइकवर बोलत होते तेव्हा विराज बाईंकडे न बघता हळूच म्हणाला, "काकू, तुमचा पाटा, माझी पोती."

"म्हणजे रे?"

"काही नाही. माझा एकसष्टवर थांबतो. तुमचा?"

बाईंनी शाल सारखी केली. "मला नाही बाबा आकडे कळत."

"एकतीस वर्षं तिकिटं दिलीत की," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता. कुणीतरी आपल्याला ओळखावं अशी वाट पाहणाऱ्या माणसाचं ते हसणं होतं. बाईंनी मान फिरवली आणि टाळ्या वाजवल्या. मग त्या उठून बोलल्या. डॉक्टरांच्या कृपेने पुन्हा घरच्यांना दोन घास करून घालता येतात, एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या बायकांनी डोळे पुसले.

सभेनंतर बाराव्या दिवशी गिरणीच्या पायऱ्यांवरून विराज पोत्यासकट खाली आला. शिवलेला गुडघा पुन्हा मोडला. बातमी घेऊन शेजारीण धावत आली तेव्हा बाई पाट्यावर होत्या. तिने सांगितलं. बाईंच्या हातातला वरवंटा थांबला, आणि त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते मनगट. अठ्ठावन्न. हात थांबल्यामुळे आकडा उतरत होता, आणि त्यांना त्या शेजारणीचा राग आला. नेमकी आत्ताच कशाला आली ही.

शेजारीण बोलतच होती, केवढा कष्टाळू पोरगा, कुणाची दृष्ट लागली म्हणायची. बाईंनी वरवंटा बाजूला ठेवला. चटणी अर्धी वाटलेली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या तालुक्याला, वेदना केंद्रात गेल्या. डॉ. लेले उठून उभे राहिले, खुर्ची दिली, विराजचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. बाईंनी मधल्या बोलण्याला वेळ दिला नाही. उलथन्यापासून सगळं सांगितलं. सांगताना त्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या.

डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेताय. त्यांनी बाईंचा आलेख काढला. "हे बघा. दुखणं खरं होतं की नाही?"

"खरं होतं. पण मी आणलेलं होतं."

"काकू, स्वतःहून कुणी दुखणं ओढवून घेत नाही. शरीर त्यापासून पळतं. सगळं शास्त्र त्यावर उभं आहे."

"तुमच्या घरी बायका नाहीत का, डॉक्टर?"

ते क्षणभर हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझा एकटीचा नको, सगळ्यांचे आकडे दाखवा. पेटी उघडली तेव्हाचे.

डॉक्टरांनी ते पडद्यावर आणले. तीन तालुके, आठशे माणसं, सहा महिने. बाई थोडा वेळ पाहत राहिल्या.

"एसटीत बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या गाडीत तेरा वर्षांचं पोर एकतीस वर्षांत कधी चढलंच नाही. सगळी साडेअकरा. मिसरूड फुटलेलीसुद्धा साडेअकरा. एकेकट्याला बघितलं तर वाटतं, असेलही. सगळा दिवसाचा कागद बघितला की कळतं, इथे सरकारने रेघ मारलीय आणि सगळे रेघेला चिकटून उभे आहेत." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "सुरुवातीला बघा, कुणाला सत्तर दुखतंय, कुणाला नव्वद. ते खरं आजारपण. आणि हे आता. एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. आठशे माणसांना अगदी नेमकं एवढंच दुखतं होय?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. पट्टीला फसवता येणार नाही याची त्यांनी सात वर्षं काळजी घेतली होती. गोळी उशिरा मिळाली की शरीर आपणहून कळ वाढवतं, हेही त्यांना ठाऊक होतं, त्याचा हिशेब पट्टीत धरलेला होता. कळ शोधत हिंडणारा माणूस मात्र त्यांच्या कुठल्याच समीकरणात नव्हता. खोटेपणा बंद केल्यावर माणूस खरेपणाचाच वापर करील, हे त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "तुमच्या हे कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग पाच महिने बोलला का नाहीत?"

बाईंनी मनगटावरची पट्टी चाचपली. "बोलले असते तर पट्टी काढली असतीत. आणि लोक चांगलं म्हणत होते, डॉक्टर. इतकं चांगलं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं."

डॉक्टरांनी त्यांचा हात पुढे घेतला आणि पट्टी सोडवली. खालची कातडी पांढरी पडली होती. त्यांनी समजावलं, पट्टी आज जाईल, गोळी आज जाणार नाही. सरावलेल्या शरीराची गोळी एकदम तोडणं धोक्याचं असतं. ती आठवड्या-आठवड्याने कमी करायची, केंद्राच्या देखरेखीखाली, आणि गोळ्या सुनेच्या ताब्यात राहतील. हे ऐकताना बाईंच्या मनात पहिली गोष्ट आली ती एवढीच, की म्हणजे आज मिळणार. आपल्याला आनंद झालाय, हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी मान खाली घातली ती केंद्राबाहेर येईपर्यंत वर केली नाही.

घरी त्यांनी ईश्वरीला सांगितलं. ईश्वरीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घडवंची आणली तेव्हासुद्धा?" बाई हो म्हणाल्या. ईश्वरी आत गेली, आणि डबे उतरवून घडवंची पुसत राहिली.

डॉ. लेले हार मानणारे नव्हते. राज्याचा ठराव त्यांनी थांबवला, पण पट्टी सोडली नाही. लोक रेघेला चिकटतात, तर रेघच लपवू या, असं त्यांनी ठरवलं. आकडा दिसणं बंद केलं, आणि पेटी आज पंचावन्नला तर उद्या सत्तरला उघडेल अशी केली. चार महिन्यांत काय ते समजलं. पूर्वी एकसष्टला थांबणारी माणसं आता कुठे थांबायचं हे न कळून थांबतच नव्हती. पलीकडच्या खोऱ्यातला एक निवृत्त मास्तर, खांद्याचं ऑपरेशन झालेला, सलग तीन दिवस विहिरीतला गाळ उपसत राहिला, आणि गावकऱ्यांनी त्याच्या श्रमदानाची बातमी छापून आणली. ती वाचल्यावर लेल्यांनी एकोणसाठ सालीच सगळ्या पट्ट्या परत मागवल्या. आपलं काय चुकलं ते त्यांनी काही न लपवता छापलं, केंद्र सोडलं, आणि पुढे एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. दवाखान्यांच्या भिंतींवर जुनी यादी परत लागली. तिच्या तळाशी त्यांच्या आग्रहाने एक प्रश्न वाढवला गेला: ज्या कामाने दुखतं, तेच काम तुम्हाला अलीकडे आवडू लागलंय का?

विराजच्या गुडघ्याची आणखी दोन ऑपरेशनं झाली. गोळी सुटायला त्याला दोन वर्षं लागली, मध्ये एकदा पुन्हा लागली आणि पुन्हा सुटली. तो लंगडत चालतो, बसस्टँडवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. वृषालीबाई एकदा त्याच्याकडे माफी मागायला गेल्या होत्या. त्याने स्टूल दिलं, चहा मागवला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काकू, राहू द्या. त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असता, तरी मी थांबलो नसतो." हे तो खरं बोलला की त्यांच्यासाठी बोलला, हे त्यांना कळलं नाही.

गावातल्या बायका अजून त्या चटणीची आठवण काढतात. कारण काय ते त्यांना पुढे समजलं, तरी चवीची आठवण तशीच राहिली. पाटा कुणीतरी मागून नेला.

वृषालीबाईंची गोळी सात महिन्यांत सुटली. कंबर थोडी दुखत राहिली, तेवढी वयाने कुणाचीही दुखते.

बासष्ट साली ईश्वरीला मुलगी झाली, पोट फाडून. चौथ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी पाच दिवसांपुरत्या त्याच कुळातल्या गोळ्या लिहून दिल्या. ईश्वरी घ्यायला तयार होईना. ती पांढरीफटक पडली होती, कूस बदलता येत नव्हती, मुलीला पाजायला बसता येत नव्हतं, पण दात आवळून नाहीच म्हणत होती. सासूकडे बघून ती हे शिकली होती. बाईंना ते बघवेना. त्या पलंगाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यावरून असं ठरवू नकोस. दुखतंय म्हणून घे, आणि पाच दिवसांनी सोड. बहुतेक सगळी माणसं सोडतात." पाकिटातून गोळी काढून त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. ईश्वरीला झोप लागली. बाळही झोपलं. पाकिटात किती गोळ्या उरल्या, ते बाईंनी न ठरवता मोजलं होतं.

मग त्यांनी मुलाला फोन करून रजा घेऊन ये म्हणून सांगितलं. तो संध्याकाळी पोचला, तेव्हा पिशवी भरून त्या दारात उभ्या होत्या. सासवडच्या बहिणीला बरं नाही, पाच दिवस जाऊन येते म्हणाल्या. नात चार दिवसांची, आणि आजी निघाली, म्हणून आळीतल्या बायका कुजबुजल्या. बहीण ठणठणीत होती. ईश्वरीला जाग आल्यावर नवऱ्याने तिला आई गेल्याचं सांगितलं. उशीजवळचं पाकीट तिने उचललं आणि नवऱ्याला कपाटात ठेवायला सांगितलं, किल्ली लावून.